लाल टाकीतली प्रवाळं

५ फेब्रुवारी

आज कापाकापी उरकली. सगळी एकाच घरची असावीत म्हणून एकच मोठं प्रवाळ घेतलं, करवतीने त्याचे बोटभर तुकडे केले आणि चार टाक्यांत सारखे वाटले. एका टाकीवर निळा दिवा, एकीवर लाल, तिसरीवर निळा-लाल मिसळलेला, चौथीवर साधा पांढरा. पाणी तेच, ऊब तीच, उजेडही मोजून सारखाच. फरक फक्त रंगाचा. कोणत्या रंगात प्रवाळ सुखात राहतं आणि कोणत्या रंगात झुरतं, ते बघायचं. झुरलेलं प्रवाळ पुन्हा निळ्याखाली ठेवलं तर सावरतं का, हा दुसरा भाग. मला खरा रस त्या दुसऱ्या भागात आहे.

आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडमनी परवानगी देताना विचारलं, "उन्हाळ्यापर्यंत काहीतरी दाखवता येईल ना?" मी लगेच हो म्हटलं. अंगाशी येईल अशा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची मला खोड आहे.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. "म्हणजे तू दगडांना रंगीत दिवे दाखवणार आणि त्याचा तुला पगार मिळणार," ती म्हणाली. दगड नाहीत गं, जिवंत आहेत, हे मी तिला नोकरीला लागल्यापासून सांगतोय. प्रवाळाच्या कातडीत बारीक शैवाल राहतं, ते उजेडावर साखर तयार करतं आणि प्रवाळ ती खाऊन जगतं. प्रवाळाचा तपकिरी रंगही त्या शैवालाचाच. शैवाल निघून गेलं की आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो आणि प्रवाळ उपाशी पडतं.

"भाडेकरू स्वयंपाक करतो आणि मालक जेवतो," ताई म्हणाली. "आपल्याकडे उलटंच आहे."

घर तिच्या नावावर आहे. मी खाली मान घालून जेवलो.

११ फेब्रुवारी

लाल टाकीचा पंप कुरकुरायला लागला. वॉशर आला. हा आमचा पंप दुरुस्त करणारा. काहीही बिघडलं तरी आधी वॉशर बदलून बघतो, म्हणून नाव पडलं ते पडलंच. आज खरंच वॉशर गेला होता. त्यामुळे तो दिवसभर छाती काढून फिरत होता.

२० फेब्रुवारी

ताई आज तिच्या जुन्या इस्पितळात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंना भेटायला गेले होते म्हणाली. दोघींनी आयुष्य एकाच वॉर्डात काढलं, ही सिस्टर आणि त्या डॉक्टर, तेव्हा गप्पांना तोटा नसणार. येताना माझ्यासाठी डझनभर बनियन घेऊन आली. एवढे कशाला म्हटलं, तर म्हणे, "टिकतील."

संध्याकाळी निळ्या टाकीचं कौतुक सांगत बसलो होतो. तुकडे अगदी टवटवीत आहेत, रंग उलट गडद झालाय. ताई हसली. "आमच्याकडेही निळाच दिवा असायचा. जन्मल्यावर पिवळी झालेली पोरं त्याखाली ठेवायची. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, लंगोटातली चिमुरडी, निळीशार दिसायची. आयांना बघवायचं नाही."

"मग पिवळं कमी झालं की नाही ते कसं कळायचं?"

"दिवा बंद करायचा आणि पोराला खिडकीशी न्यायचं. रंगीत उजेडात काही खरं दिसत नाही रे. नवी पोरगी ड्यूटीला आली की पहिल्या दिवशी मी तिला हेच शिकवायचे."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाला दुसऱ्याच्या कामाबद्दल किती कमी माहीत असतं. अर्थात, ताईला माझ्याबद्दल सगळं माहीत असतं.

३ मार्च

ताईची डोकेदुखी बळावली आहे. पांढरा दिवा डोळ्यांत सुईसारखा टोचतो म्हणते. तिने खिडक्यांना जाड पडदे लावले आणि मला विचारलं, "तुझ्या त्या दिव्यांत एखादा पिवळट नाही का? निळा अजिबात नसलेला. सौम्य."

नसायला काय झालं! जुन्या पट्टीतले निळे दिवे काढून टाकले, तांबूस पिवळे तेवढे ठेवले आणि तिच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत बसवून दिले. घर एकदम उबदार दिसायला लागलं. ताईचा चेहरासुद्धा. मी म्हटलंही, "दहा वर्षांनी लहान दिसतेस."

"मग राहू दे असाच," ती म्हणाली. "आता कुठेही पांढरा लावू नकोस हं."

तिला इतका खूश करणारा कोणताही शोध मी आजवर लावला नव्हता.

१४ मार्च

ताईने मला अंडं उकडायला शिकवलं. मग भात. मग शिळी पोळी परतायला. मी पन्नाशीचा घोडा. म्हटलं, "आता काय माझं लग्नबिग्न ठरवतेस की काय?" तर म्हणाली, "तुला कोण देणार पोरगी?" गॅसचा खटका, पाण्याची मुख्य तोटी, जादा पांघरुणं कुठे, सगळं दाखवून झालं. मध्येच हात खाजवत होती. नवीन साबणाने अंगाला खाज सुटते म्हणे. मी जुना साबण आणून दिला, तरी खाज आहेच. जेवणही कमी झालंय. उन्हाळ्यात तिचं असंच होतं.

मी सकाळी उजाडता निघतो आणि दिवे लागल्यावर येतो, रविवारीसुद्धा. टाक्यांना रविवार नसतो. ताई कुरकुर करत नाही. उलट दाराशी माझी वाट बघत असते आणि मी चपला काढायच्या आत विचारते, "काय म्हणतात दगड?"

लाल टाकी ठीक.

२२ मार्च

लाल टाकी ठीक नाही.

कपाळाला हात लावायची वेळ आली आहे. नियम असा की दर आठवड्याला एक तुकडा बाहेर काढून पांढऱ्या दिव्याखाली टेबलावर बघायचा. मी गेले काही आठवडे तेवढ्यासाठी काय काढायचं म्हणून काचेतूनच बघत होतो. लाल दिव्याखाली सगळंच लालभडक दिसतं. मेलेलं असलं तरी. आज तुकडा टेबलावर ठेवला आणि पांढरा दिवा लावला, तर तो फिकट, जवळजवळ रंगच नसलेला. शैवाल निघून गेलेलं. मग सगळेच तुकडे काढले. सगळे तसेच. आणि मिसळलेल्या दिव्याखालचेही जवळपास तितकेच वाईट, निळा मिळत असूनही. म्हणजे लाल नुसता निरुपयोगी नाही, तो निळ्याचंही काम बिघडवतो. हा निष्कर्ष मोठा आहे, आणि तो मला उशिरा कळावा याची लाज वाटते.

वॉशर शेजारी उभा होता. "साहेब, रोज तर बघत होतात की," तो म्हणाला. खोचकपणे नाही, अगदी साधेपणाने. म्हणून जास्त लागलं.

ताईला सांगितलं तेव्हा मी स्वतःवर चांगलाच तडकलो होतो. ती तांबूस दिव्याखाली उशीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. ज्याच्याकडे रोज बघतो त्याचं आपल्याला दिसत नाही. सगळ्यांचं असंच होतं." आणि थोड्या वेळाने, "ती परत येतील ना? निळ्याखाली ठेवल्यावर?"

बघू म्हटलं.

२ एप्रिल



ताईला कधीपासून टाक्या बघायच्या होत्या. आज मॅडमनी घरच्यांना आणायला परवानगी दिली होती. ताई काळा चष्मा, लांब बाह्यांचं पोलकं, डोक्यावर पदर अशा थाटात आली. वॉशरने तिला खुर्ची दिली आणि पंपांचं सगळं शास्त्र सांगितलं. ती मनापासून ऐकत होती. निळ्या टाकीपुढे बराच वेळ बसली. पाण्यात तुकड्यांची बारीक बोटं हलत होती. "बघ रे, जेवतायत," ती म्हणाली. त्यांना दगड म्हणाली नाही.

मग लाल टाकीतला एक तुकडा दाखवायला मी तिला टेबलापाशी नेलं आणि पांढरा दिवा लावला. ती वाकली. "खरंच पांढरंफटक झालंय," म्हणाली, आणि नीट बघायला तिने चष्मा काढला.

मी हातात तुकडा धरून समोरच उभा होतो. ताईचे डोळे पिवळे होते. पांढरा भाग पूर्ण पिवळा. गाल, कपाळ, मनगटं, सगळं. तिला कळलं की मला कळलं. तिने चष्मा परत घातला नाही. "तुकडा पाण्यात ठेव आधी," म्हणाली. "सुकेल."

मी ठेवला. मग तिला घेऊन थेट इस्पितळात.

३ एप्रिल

स्वादुपिंडात गाठ आहे. पित्ताची वाट बंद झाली आहे, म्हणून कावीळ. यकृतातही पसरलंय. हे डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत बसवून सांगितलं. मी विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीतही पसरलेलंच होतं रे. मी तेव्हाच तिला..." आणि थांबल्या.

मग त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मला पाणी नको होतं.

६ एप्रिल

पित्ताची वाट मोकळी करायला नळी घातली. खाज थांबली. ताई आज घरी आली. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही आणि औषधांचे डोस तिला नकोत. तिने ते सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणजे दोघींचं आधीच बोलणं झालेलं.

मी घरातले सगळे पिवळे दिवे उपटून काढले. ताई पलंगावरून बघत होती. "स्टुलावरून पडशील," एवढंच म्हणाली.

मग मी भांडलो. मरणाच्या दारातल्या बहिणीशी कोणी भांडतं का? मी भांडलो. म्हटलं, मी मूर्ख आहे म्हणून तू मला असं फसवलंस. माझ्याच हातून दिवा लावून घेतलास.

"फसवलं," ती म्हणाली. "तूच सांग, दुसरं काय केलं असतंस तू? टाक्या सोडून घरी बसला असतास. माझ्याकडे बघून रडला असतास. मी वॉर्डात पाहिलंय. एकदा कळलं की लोक माणसाशी बोलत नाहीत, आजाराशी बोलतात. कसं वाटतंय, काय खाल्लं, झोप लागली का. तू रोज दारातून ओरडत यायचास की पंप बंद पडला, मॅडम असं म्हणाल्या, वॉशरने तसं केलं. मला तेच हवं होतं. जास्तीत जास्त दिवस हवं होतं."

मी म्हटलं, "आणि मला काय हवं होतं ते?"

 तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "चुकलं असेल माझं." ताई आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाली असेल. मला अजिबात बरं वाटलं नाही.

१० एप्रिल

दिवसा घरी एक बाई येते. तरी मी दुपारीच परततो. आज ताईने मला कामावर पिटाळलं. "दुसरा भाग सुरू कर. मला तेवढं बघायचंय. परत येतात का ते सांग म्हणजे झालं." मग हिशेबीपणाने म्हणाली, "किती दिवस लागतील?"

नेहमीच्या पद्धतीने केलं तर सहा-सात आठवडे. अशक्त प्रवाळाला एकदम पूर्ण उजेड सोसत नाही. दिव्याखाली जाळीचे थर लावायचे आणि दर काही दिवसांनी एक थर काढायचा. एवढं सगळं मी तिला सांगितलं नाही. "लवकर होईल," म्हटलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, महिना.

१५ एप्रिल

लाल टाकीवर निळा दिवा लावला. जाळी लावली नाही.

खूप विचार केला. उजेड मोजला, पुन्हा मोजला. तुकडे फिकट आहेत, पण मेलेले नाहीत. निळा तर त्यांचा आवडता. निळ्या टाकीतले तेवढ्याच उजेडात मजेत आहेत. थोडं जास्त मिळालं तर लवकर सावरतील. पंधरा दिवसांत जरा जरी तपकिरी झाले तरी एक तुकडा भांड्यात घालून घरी नेता येईल. पलंगाशी, खिडकीच्या उजेडात. मला तो प्रसंग इतका स्पष्ट दिसतोय की दुसरं काही दिसतच नाही.

वॉशर जाळीची गुंडाळी घेऊन आला होता. "ही कधी लावायची?" मी म्हटलं, "ठेव तिकडे." त्याने ठेवली आणि उगाचच थोडा वेळ उभा राहिला.

१९ एप्रिल

सगळी गेली.

एकही नाही वाचलं. कातडी सुटून पाण्यात तरंगत होती, आणि पाण्याला वास. शैवाल इतकं थोडं उरलं होतं की ते बिचारं त्या उजेडाने भाजून निघालं. नवशिक्या पोरालासुद्धा मी हे करू दिलं नसतं. उपाशी माणसाला आधी दोन चमचे पेज देतात, ताट वाढत नाहीत. मी ताट वाढलं.

मॅडम आल्या, टाकीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्ही काही दिवस घरी थांबा. सध्या टाक्या बंद करू." वॉशरने पंप बंद केले. इतक्या वर्षांत ती खोली मी कधी शांत ऐकली नव्हती.

घरी येताना ठरवलं होतं की खरं सांगायचं. ताईने उशीवरून मान उचलली. "काय म्हणतात?"

"हलतायत," मी म्हटलं.

२१ एप्रिल

आज म्हटलं, कडेला थोडा रंग दिसतोय.

२६ एप्रिल

खोटं बोलणं सोपं नाही. लक्षात ठेवावं लागतं. परवा तीन तुकड्यांवर रंग आला म्हटलं होतं, आज दोन म्हणालो. ताईच्या लक्षात आलं नाही. तिला गुंगीची औषधं आहेत. घरून मी सकाळी नेहमीसारखा निघतो, दोन गल्ल्या चालतो, बागेतल्या बाकावर बसतो, दुपारी परततो. मग दाराशी थोडा जोरात बोलतो, पंपाच्या तक्रारी करतो. मॅडम अमुक म्हणाल्या, वॉशरने तमुक केलं. ताई हसते. दिवसातली तेवढी घटकाच तिला बरं वाटतं असं वाटतं. मलाही.

भात आता मला चांगला जमतो. ती दोन घास खाते.

३० एप्रिल

वॉशर ताईला भेटायला आला होता. मी औषधं आणायला गेलो होतो, परत आलो तर तो जिन्यात भेटला. डोळे लाल. मला बघताच म्हणाला, "साहेब, मी काहीच बोललो नाही हं." मी काही विचारलंही नव्हतं. भला माणूस आहे. त्याला आधीच बजावून ठेवलं होतं ते बरं झालं.

त्यानंतर ताई शांत पडून होती. आज तिने दगडांचं काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं, की आज पुष्कळ रंग आलाय. "हो का?" म्हणाली, आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी मला ताप आला की ती अशी बघायची.

४ मे

ताई आता फारशी उठत नाही. आवाजही खोल गेलाय. आज दुपारी मात्र जरा हुशारी आली. मला पलंगावर बसायला लावलं. पडदा उघडा होता, उजेड सरळ तिच्या तोंडावर पडत होता. मी आता तिच्याकडे बघू शकतो.

"सांग," म्हणाली.

मी मन लावून सांगितलं. सगळी परत आली म्हटलं. लाल टाकीतली एकूण एक. तपकिरी, भरलेली, सकाळी गेलो तर सगळ्यांची बोटं बाहेर. मॅडम खूश आहेत, बाहेरून माणसं बघायला येणार आहेत. मी स्वतःच इतका रंगलो की घटकाभर मला ते खरंच वाटलं. ताई डोळे मिटून ऐकत होती, मध्येच "हं" म्हणत होती. तिने माझा हात हातात घेतला होता. खाऱ्या पाण्यात सतत हात असला की बोटांना चिरा पडतात, आणि तिला त्या चिरांवर अंगठा फिरवायची सवय आहे.

"भरल्या की रे चिरा," ती म्हणाली.

मी लगेच म्हटलं, "नवीन मलम आणलंय." वेळेवर सुचलं.

"चांगलं आहे मलम," ती म्हणाली. मग हात न सोडता, अगदी हळू, "पुढच्या वेळी एवढी घाई करू नकोस हं. सावकाश घे. आणि झालं ते झालं, जिवाला लावून घेऊ नकोस."

कशाबद्दल म्हणाली कोण जाणे. बहुधा जेवणाबद्दल. मी भराभरा जेवतो म्हणून ती नेहमी ओरडते, आणि परवा मला जोराचा ठसका लागला होता. बरं म्हटलं, सावकाश जेवीन. ती हसली आणि झोपली.

९ मे

ताई आज पहाटे गेली. त्रास झाला नाही. मी जवळ होतो.

घरी माणसं आहेत, बाहेर बसली आहेत, म्हणून इथे आत येऊन दोन ओळी लिहितो. तिने माझ्यापासून एवढं मोठं लपवलं आणि मला ते शेवटपर्यंत दिसलं नाही, हे आता माझ्याबरोबरच राहणार. पण टाक्यांचं ताईला काही कळलं नाही. सगळी परत आली असं समजून ती गेली. एवढं एक मला जमलं.